मायने बिडी सोडली ते वर्ष

आमच्या घराचा आवाज कैचीचा होता. सकाळी चुलीवर पेज रटरटायला लागली की छपरीत कैची सुरू व्हायची. आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलेली तेंदूची पानं माय मांडीवर घ्यायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायची आणि त्याच्या कडेकडेनं कैची फिरवायची. कच्च, कच्च, कच्च. मग शेजारची शेवंता मावशी आपलं सूप घेऊन यायची, तिच्यामागून आणखी दोघीतिघी, आणि छपरीत असा एक ताल धरला जायचा की कोंबड्यांचं ओरडणंही त्यात बसून जायचं. सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली पानं, शेजारी दोऱ्याची रीळ. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायचा, बोटांनी वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बोलणं चालूच. कोणाची गाय व्याली, कोणाची लेक रुसून माहेरी आली, कोणाच्या बांधीत धानाच्या रोपांचा रोवणा अजून उरला. हात मात्र कधी थांबायचे नाहीत. मला फार वर्षं वाटत होतं की सगळ्या आयांच्या बोटांना तंबाखूचाच वास येतो.

गोंदियाकडच्या कामठ्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. बाबा दुसऱ्यांच्या शेतात आणि दिवस असतील तसे राईस मिलमध्ये राबायचे. माय रोवण्याला आणि कापणीला जायची, बाकीचं वर्ष बिड्या वळायची. जेवणात भात असायचाच, त्यावर लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी, भेदराची, म्हणजे टमाट्याची, चटणी. बाजाराच्या दिवशी सुकी मासोळी आली तर तिच्या वासानं आमची मांजर आधी आणि मी नंतर चुलीजवळ जाऊन बसायची. सुपातले तंबाखूचे कण अंगणात उडालेले, चुलीत ओली लाकडं, बाबांची बिडी पेटलेली, आणि त्या सगळ्यातून मासोळीच्या रश्शाचा वास वाट काढत यायचा. आज तो वास आठवला तरी तोंडाला पाणी सुटतं आणि छातीही थोडी आवळते.

माय बिडी ओढायची. शहरातल्या माझ्या सुनेला हे सांगितलं तेव्हा तिनं डोळे मोठे केले. पण आमच्याकडे ते काही अघटित नव्हतं. रोवण्यात चिखलात वाकून वाकून कंबर धरली की बांधावर बसून बाया एकेक बिडी पेटवायच्या. सकाळी पोट साफ होतं म्हणून ओढायच्या, दुपारी भूक मरते म्हणून ओढायच्या, आणि पोटुशी असताना मळमळ थांबते म्हणूनही ओढायच्या. त्यात कोणाला लाज नव्हती आणि भीती तर त्याहून नव्हती. वळणाऱ्या बाईनं आपल्याच सुपातली एक पेटवली तर तिला कोण काय म्हणणार? मायची ओढायची तऱ्हा मला फार आवडायची. मूठ वळून बोटांच्या फटीत बिडी धरायची, डोळे अर्धे मिटायची, आणि धूर सोडताना तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून निघून जायच्या. दिवसभरात तेवढाच वेळ ती कोणाचीच नसायची.

मी जन्मले ती मुठीएवढी. शेवंता मावशी सांगायची, "मांजरीचं पिल्लू होतीस तू. कापसात गुंडाळून ठेवलं होतं तुले." दूध ओढायचीही ताकद नव्हती म्हणे. माय कापसाची वात दुधात बुडवून माझ्या ओठांवर धरायची. जगले, पण श्वास माझ्याशी कधी सरळ वागला नाही. थंडी पडली, धानाची चुरणी सुरू झाली, खळ्यातला भुसा हवेत उडाला की माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. शाळेतली पोरं त्या शिट्टीला हसायची. मी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर ओढून बसायची आणि माय माझी पाठ चोळायची. अडुळशाचा काढा झाला, मोहरीचं तेल झालं. कोणी म्हणालं, छातीवर बिब्ब्याचा चटका द्या, दम पळून जातो. माय त्या माणसाला म्हणाली, "पयले तुमच्या छातीले द्या, मंग पाहू." एवढ्यावर तो विषय संपला. माझ्यानंतर एक बाळ दिवस भरायच्या आधीच आलं आणि गेलं. त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. माय कधीतरी मध्येच अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहत राहायची, तेवढंच.

मी अकरा-बारा वर्षांची असेन. चुरणीचे दिवस होते आणि मायला पुन्हा नुकतेच दिवस गेले होते. मी खळ्यावर बाबांना जेवण द्यायला गेले आणि तिथंच खाली बसले. या वेळी शिट्टीसुद्धा वाजेना. हवा आत जातच नव्हती. ओठ निळे पडले, असं नंतर शेवंता मावशीनं सांगितलं. बाबांनी हातातली काठी टाकून मला खांद्यावर घेतलं आणि रस्त्याकडे धावले. मागून माय, डोक्यावरचा पदर पडलेला, हातांना तंबाखू तसाच चिकटलेला. मिलकडे जाणारा धानाचा ट्रॅक्टर मिळाला. धानाच्या पोत्यांवर मला टेकवून बसवलं होतं आणि माय सारखी म्हणत होती, "पाह्य माझ्याकडे, इंदू. पाह्य. घे श्वास. आनखी एक घे." गोंदियाचा रस्ता मला आठवत नाही. मायचा चेहरा आठवतो.

दवाखान्यात सुई दिली, नाकाला नळी लावली. हळूहळू छत दिसायला लागलं, मग छतावरचा पंखा, मग खाटेशी उभी असलेली डॉक्टरीणबाई. तरुण होती, जाड चष्म्याची, आणि गोंदियात सगळेच बोलतात तशी हिंदी बोलणारी. तिनं माझी छाती तपासली, मायचे हात पाहिले, तिला दिवस गेल्याचं तिच्याकडून काढून घेतलं आणि विचारलं, "बीडी बनाती हो?"

"होय बाई."

"पीती भी हो?"

बाबांनी मान खाली घातली. "पिते," माय म्हणाली.

"ये लडकी पेट में थी, तब भी?"

"तवाई."

डॉक्टरीणबाई रागावली नाही. ती स्टूल ओढून मायच्या समोर बसली, हे मला फार नवल वाटलं, कारण आमच्यासारख्यांसमोर डॉक्टर बसत नसत. ती सावकाश बोलली. बाळ पोटात असतं तेव्हा आईची सांस हीच त्याची सांस. आईच्या अंगात धूर गेला की बाळाला रक्त कमी पोचतं, हवा कमी पोचते. बाळ लहान जन्मतं, त्याचे फेफडे कच्चे राहू शकतात, आणि पुढे मोठं झाल्यावरही छातीचा त्रास त्याच्या मागे लागू शकतो. "सबके साथ नहीं होता," ती म्हणाली. "इसका दमा उसी से हुआ, ये मैं पक्का नहीं बोल सकती. पर घर के धुएँ से बढता है, ये पक्का है. और अब जो पेट में है, उसका सोचो."

मायनं विचारलं, "आता सोडली तं काही उपेग होते का? का उशीर झाला?"

"आज छोडोगी, तो आज से फायदा."

मायनं मान हलवली. माझ्या पायाशी बसून राहिली. तिनं माझ्या घोट्यावर हात ठेवला होता, तो घरी निघेपर्यंत उचलला नाही.

पुढे माझं सारं नोकरीचं आयुष्य देवरीकडच्या अंगणवाडीत गेलं. तान्ही बाळं तराजूत ठेवायची, आयांशी बोलायचं, हेच काम. बिडी ओढणाऱ्या, तंबाखूचा गुडाखू दातांना घासणाऱ्या, खर्रा चघळणाऱ्या कितीतरी पोटुशा बायांना मी ते डॉक्टरीणबाईचं बोलणं सांगितलं. तेव्हा कळलं, एखाद्या आईला हे सांगणं किती नाजूक काम असतं. थोडं कमी सांगितलं तर ती ऐकत नाही. थोडं जास्त सांगितलं तर ती आयुष्यभर स्वतःलाच खात बसते. त्या बाईनं मायला बरोबर जेवढं सोसेल तेवढं सांगितलं होतं, आणि मायनं ते सगळंच्या सगळं उचललं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी छपरीत बाया जमल्या. शेवंता मावशीनं सवयीनं एक बिडी पेटवून मायपुढे धरली. माय म्हणाली, "मी सोडली."

"काऊन वं? काय झालं?"

दुसरी कोणी असती तर खोकला झाला म्हणाली असती, नाहीतर उपास आहे म्हणाली असती. मायनं कैची खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "हे इंदू पोटात होती तवा मी बिडी ओढली. डॉक्टरीनबाई म्हनते, त्याच्यानं लेकराचे फेफडे कच्चे राहू शकतात. हिचा दम माझ्या बिडीतून आला असंन का नसंन, तिलेई पक्कं सांगता येत नाई. पन मले आता हे मालूम झालं ना. मालूम झाल्यावर कशी ओढू?"

छपरीतल्या कैच्या थांबल्या. एक म्हणाली, "आमीबी ओढली वं. आमच्या पोट्ट्यायले काय झालं? बैलावानी फिरून राहिले."

"नाई झालं तं चांगलंच झालं," माय म्हणाली. "माझ्या पोरीले झालं."

शेवंता मावशीनं हातातल्या बिडीकडे पाहिलं, एक झुरका मारला आणि उरलेली अंगणात टाकली. पुढच्या दिवसापासून ओढणाऱ्या बाया उठून कडुलिंबाखाली जायला लागल्या. मायला तसं सांगावंही लागलं नाही.

बाबांचं काम सोपं नव्हतं. जेवण झालं की चुलीशी बसून बिडी ओढायची, हे त्यांचं सुख होतं. माय म्हणाली, "इंदूचे बाबा, घरात नको. अंगनात ओढा."

"एवढ्या थंडीत?"

"थंडी वाजते तं ओढू नका."

बाबा विहारात जाणारे, वंदना पाठ असलेले माणूस. ते म्हणाले, "पाचव्या शीलात दारूचं नाव आहे. बिडीचं कुठं आहे?"

माय म्हणाली, "पयल्या शीलात आहे. जीवाले मारू नये."

बाबा उठून बाहेर गेले. धानाच्या पेंढ्याच्या, तणसीच्या ढिगाशी ऊब असते म्हणून तिथं टेकले, तर आतून मायची हाक आली, "तनसीजवळ नको, ढीग पेटवान!" मग ते अंगणाच्या पार टोकाला, डोक्यावरून पोत्याची खोळ घेऊन, दवात कुडकुडत बिडी ओढत बसले. तो हिवाळाभर मी त्यांना तसंच पाहिलं. रागावलेले दिसायचे, पण उंबऱ्याच्या आत त्यांनी पुन्हा कधी पेटवली नाही. त्यांची बिडी पुढे कितीतरी वर्षांनी सुटली. माझी छाती मात्र त्याच हिवाळ्यात थोडी मोकळी झाली.

आणि मायचं? लोकांना वाटतं, निश्चय केला की झालं. ज्या वस्तूसाठी जीव तळमळतो ती सुपात घेऊन दिवसभर मांडीवर वागवायची, तिच्यात बोटं बुडवायची, हे मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. पहिले दिवस तिच्या हातून पानं वाकडी कापली जायची. एकदा वरण उतू गेलं म्हणून तिनं वरणाचा भरला गंजच अंगणात भिरकावला. तोंडात काहीतरी हवं म्हणून भाजलेले चिंचोके चघळायची, गाल दुखेपर्यंत. तंबाखूच्या खकाण्यानंही तिला मळमळायला लागलं, तेव्हा शेवंता मावशी म्हणाली, "सुभद्रे, तू पानंच काप. आमचीबी काप. तुझा तंबाखू आमी भरू." आणि त्या बायांनी खरंच तसं केलं. माय कैची घेऊन एका बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसायची आणि सगळ्यांची पानं कापायची. बाकीच्या तिच्या वाटच्या बिड्या वळायच्या. कोणी त्याला मदत म्हटलं नाही, उपकार म्हटलं नाही. दुपारी माय सगळ्यांसाठी चिले टाकायची, तांदळाच्या पिठाचे, लसूण-मिरची घालून. त्या वर्षी आमच्या छपरीत जेवढी हसण्याची गर्दी होती तेवढी पुन्हा कधी झाली नाही.

पण एकदा ती हरली. ऊन तापायला लागलं होतं. बाबांशी कशावरून तरी जोराचं वाजलं होतं आणि ते मिलमध्ये निघून गेले. मी वासराला पाणी द्यायला गोठ्यामागे गेले तर माय भिंतीला टेकून बसलेली, पोट मोठं झालेलं, मुठीत बिडी. अर्धी ओढून झाली होती. मला वाटलं ती लपवेल. तिनं लपवली नाही. जमिनीवर चिरडून विझवली आणि म्हणाली, "आज नाई जमलं मले, इंदू." डोळ्यांत पाणी होतं. मी हातातल्या बादलीतलं पाणी तिच्यापुढे केलं. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली, तोंड धुतलं आणि उठताना माझा खांदा धरला. "उद्यापासून पुन्हा," म्हणाली. "उद्या कायले? आतापासून." माझ्या मायविषयी मला जो आदर आहे तो या गोष्टीनं कमी होत नाही. खरं तर तिथूनच तो सुरू होतो.

मला त्या काळात एक गोष्ट आतून टोचत होती. पोटातल्या बाळाचा मला हेवा वाटायचा. माय त्याच्यासाठी बिडी सोडते, त्याच्यासाठी चिंचोके चघळते, त्याच्यासाठी बाबांशी भांडते. माझ्यासाठी तर हे कोणी केलं नव्हतं. माझा हिस्सा वाटून संपला होता, आणि त्यात मला शिट्टी आली होती. हे मी कोणाजवळ बोलले नाही. मायच्या पोटावर कान ठेवून बाळाची हालचाल ऐकायला ती बोलवायची, तेव्हा मी कान ठेवायची आणि मनात म्हणायची, तुझं बरं आहे रे बाबा.

रोवण्याच्या तोंडावर मिलिंद जन्मला. दाई बाहेर येऊन म्हणाली, "पोट्टा आहे, वजनाचा आहे," पण ते सांगायची गरज नव्हती. त्याच्या रडण्यानं गोठ्यातलं वासरू दावं ताणून उभं राहिलं होतं. बाबा अंगणात उभे होते, ते ऐकून हसायलाच लागले. मी आत गेले. बाळाच्या मनगटावर वळ्या होत्या. तो दूध असं ओढत होता की त्याचा आवाज येत होता. त्याचं पिऊन झाल्यावर माय, थकलेली, घामानं ओली, त्याच्या छातीला कान लावून बसली. कितीतरी वेळ ती ऐकतच राहिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "साफ आहे वं. कुठंच वाजत नाई."

मिलिंद आज पन्नाशीच्या घरात आहे. बोदलकशाच्या तलावावर मासोळी धरणाऱ्यांच्या संगतीनं लहानपणी पोहायला शिकला आणि अजूनही पोहतो. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मला नोकरीनं शिकवलं आहे. बिडी न ओढणाऱ्या आईच्या लेकरालाही दमा होतो, आणि ओढणाऱ्या आईचं लेकरू कधी धडधाकटही निघतं. पण जे बाळाच्या वाट्याला येऊ नये म्हणून आपल्या हातात होतं, तेवढं मायनं केलं. माझ्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो, तो घेताना मला तिचा राग आला असं कधी झालं नाही. लोकांनी कधी दम्याविषयी विचारलं, तर मी त्यांना तिची हीच गोष्ट सांगत आले.

मिलिंदचं नाव ठेवलं त्या दिवशी अंगणात पंगत बसली. विहारातले लोक येऊन वंदना म्हणून गेले होते. भात, वांग्याची भाजी, लाखोळीचं वरण आणि गोडाला गुळाची खीर. मी भाताची परात घेऊन वाढत होते. माय भिंतीशी बाळ मांडीवर घेऊन बसलेली, तिच्याभोवती छपरीतल्या बाया. शेवंता मावशीनं कमरेच्या बटव्यातून एक बिडी काढली, खास चांगल्या पानाची, दोरा नीट गुंडाळलेली. स्वतःच्या हातानं वळून तिनं ती मायसाठी राखून ठेवली होती. मायच्या पुढे धरून म्हणाली, "घे वं सुभद्रे. लई सोसलं तू. आता तं पोट्टा बाहेर आला. बाहेर जाऊन सुखानं ओढ, मी याले धरते."

मायनं बिडी हातात घेतली. नाकाशी नेऊन वास घेतला. आम्ही सगळ्याच तिच्याकडे पाहत होतो. मग तिनं ती मावशीच्या हातात परत ठेवली आणि मावशीची मूठ आपल्या हातानं मिटवली.

"नाई वं शेवंता."

"काऊन? ज्याच्यासाठी सोडली तो तं आला."

"याच्यासाठी सोडली, असं कोनं सांगतलं तुले?" माय म्हणाली. तिनं मान वर केली आणि पंगतीत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "हे इंदू त्या खाटेवर निळी पडली होती ना, नाकाले नळी लावून, तवा सोडली मी. हा पोटात होता म्हनून त्यालेबी फायदा झाला. पन हे इंदू अजून माझ्याच घरात श्वास घेऊन राहिली ना. मंग आता कशी ओढू?"

मी परात धरून तशीच उभी राहिले. समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं पत्रावळ पुढे सरकवली होती. माय म्हणाली, "वाढ वं इंदू. लोक थांबले."

मी वाढायला लागले. कोणाच्या पत्रावळीवर किती भात पडला, ते मला दिसत नव्हतं.